अ‍ॅझ्टेक साम्राज्याचा पाडाव आणि युरोपातून आलेल्या साथी

मेक्सिकोतील बलाढ्य अ‍ॅझ्टेक साम्राज्य अवघ्या दोन वर्षांत स्पॅनिश शिपायांच्या एका लहान तुकडीपुढे कोसळले. या घटनेची कारणमीमांसा करताना तोफा, घोडे आणि पोलादी तलवारी यांचा उल्लेख पूर्वीपासून होत आला. गेल्या काही दशकांत त्यांच्या जोडीला देवीच्या रोगाचे नाव घेतले जाऊ लागले आणि पुढे पुढे तर ‘अ‍ॅझ्टेकांना देवीनेच हरवले’ असे सरधोपट विधान रूढ झाले. या विधानात तथ्य आहे, मात्र ते अर्धेच. देवीने युद्धाचे पारडे फिरविण्यास हातभार लावला हे खरे, पण मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांचा सर्वांत मोठा संहार युद्ध संपल्यानंतर, स्पॅनिश राजवट स्थिरावल्यावर झाला.

एर्नान कोर्तेस इ. स. १५१९ मध्ये सुमारे पाचशे शिपायांसह मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तो तेनोचतित्लान या अ‍ॅझ्टेक राजधानीत शिरला. टेस्कोको सरोवरातील बेटावर वसलेले, कालवे आणि बांधरस्ते यांनी जोडलेले हे नगर त्या काळच्या बहुतेक युरोपीय शहरांहून मोठे होते. सम्राट मोक्तेसुमा याने पाहुण्यांचे स्वागत केले आणि लवकरच तो त्यांचा कैदी बनला. या पहिल्या टप्प्यात रोगाचा मागमूसही नव्हता, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

देवीचा रोग कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर १५१८ च्या अखेरीस पोहोचला होता. तेथून तो क्यूबात गेला. कोर्तेसने आज्ञाभंग केल्याचा ठपका ठेवून क्यूबाच्या राज्यपालाने पान्फिलो दे नार्वाएस याच्या हाताखाली १५२० च्या वसंतात मोठी फौज मेक्सिकोकडे धाडली. या फौजेसोबत आलेल्या एका आफ्रिकी गुलामाच्या अंगावर देवी होत्या आणि त्याच्यापासून रोग पसरला, अशी कथा त्या काळच्या स्पॅनिश बखरकारांनी नोंदविली आहे. नेमका कोण माणूस हा रोग घेऊन आला हे ठरविणे आज अशक्य आहे, शिवाय सगळा दोष एका निराधार गुलामाच्या माथी मारणे बखरकारांच्या सोयीचेही होते. रोग त्या गलबतांतून आला असावा, एवढे मात्र बहुतेक इतिहासकार मान्य करतात.

दरम्यान राजधानीत स्फोट झाला. देवालयातील उत्सवासाठी जमलेल्या सरदारांची स्पॅनिशांनी कत्तल केली आणि नगर पेटून उठले. मोक्तेसुमा मारला गेला. ३० जून १५२० च्या रात्री कोर्तेसला शेकडो शिपाई गमावून पळ काढावा लागला. नव्या सम्राटाचे, मोक्तेसुमाचा भाऊ क्विटलाहुआक याचे, नेतृत्व खंबीर होते. स्पॅनिश संकट टळले, असे त्या वेळी तेनोचतित्लानच्या नागरिकांना वाटले असल्यास नवल नाही.

शरद ऋतूत देवीची साथ राजधानीत येऊन थडकली. बर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने पुढे नाहुआ जमातीच्या वृद्धांकडून ऐकून आणि नाहुआ लेखकांकडून लिहवून घेतलेल्या बारा खंडांच्या ग्रंथात, म्हणजेच ‘फ्लोरेंटाइन कोडेक्स’मध्ये, या साथीचे वर्णन आढळते. चेहरा, छाती, पोट असे सारे अंग फोडांनी भरून जाई. रोग्याला चालता येत नसे, कुशीवर वळता येत नसे, जरा हलविले तरी तो वेदनेने किंचाळे. साठ दिवस हा कहर चालला आणि नंतर साथ चाल्कोच्या दिशेने सरकली. जे वाचले त्यांच्या तोंडावर व्रण राहिले, काहींचे डोळे गेले.

याच वर्णनातील आणखी एक गोष्ट विशेष बोलकी आहे. पुष्कळ माणसे देवीने मेली, तशी पुष्कळ उपासमारीनेही मेली, असे नाहुआ वृद्ध सांगतात. घरातील सगळीच माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळल्यावर मका दळायचा कोणी, पाणी द्यायचे कोणी? मोतोलिनिया हा दुसरा धर्मगुरू १५२४ मध्ये मेक्सिकोत आला. त्यानेही हेच लिहिले आहे. कित्येक घरांत सगळे कुटुंब मेले आणि प्रेते उचलण्यास कोणी न उरल्याने घरेच त्यांच्यावर पाडण्यात आली, असे तो नमूद करतो. रोगात अंघोळ करण्याच्या तेथील प्रथेने मृत्यू वाढले, असेही त्याचे मत होते.

युरोपात, तसेच आपल्याकडे, देवी हा शतकानुशतके ठाण मांडून बसलेला रोग होता. तो बहुधा बालपणीच येऊन जाई आणि जो वाचे त्याला पुन्हा होत नसे. त्यामुळे कोणत्याही गावात रोग्याची शुश्रूषा करू शकणारी, व्रणांच्या तोंडांची धडधाकट माणसे असत. मेक्सिकोत असे एकही माणूस नव्हते. पहिल्याच साथीत आजोबा, आई, मूल सारेच एकदम आडवे झाले. गाईगुरे, डुकरे, मेंढ्या यांच्या सहवासातून जुन्या जगात जे अनेक रोग माणसांत रुजले, त्यांचीही अमेरिकेत ओळख नव्हती. तेथील पाळीव प्राणी म्हणजे मुख्यतः टर्की पक्षी आणि कुत्रे. स्पॅनिश शिपाई मात्र बहुतेक बालपणीच देवीतून गेलेले असल्याने या साथीतून जवळजवळ सहीसलामत राहिले.

सुमारे ऐंशी दिवस राज्य करून क्विटलाहुआक देवीनेच मरण पावला. त्याच्या जागी तरुण क्वाउतेमोक आला. पण केवळ राजधानीचेच नेतृत्व कोलमडले असे नाही. स्पॅनिशांचे मित्र असलेल्या त्लाश्काला राज्यातही देवीने हाहाकार माजविला आणि कोर्तेसचा खंदा पाठीराखा माशिश्कात्सिन हा सरदार तिला बळी पडला. म्हणजे रोगाने शत्रू-मित्र असा भेद केला नाही. फरक पडला तो राजकारणात. ठिकठिकाणचे प्रमुख मेल्यावर त्यांच्या वारसांची निवड कोर्तेसच्या संमतीने होऊ लागली आणि अ‍ॅझ्टेकांना खंडणी देणारी नगरे एकामागून एक त्याच्या बाजूला गेली. मे १५२१ मध्ये त्याने राजधानीला वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैन्यातील बहुसंख्य लढवय्ये स्थानिक होते. पिण्याच्या पाण्याचा नळमार्ग तोडण्यात आला, सरोवरात लढाऊ नौका उतरविण्यात आल्या. १३ ऑगस्ट १५२१ रोजी क्वाउतेमोक पकडला गेला. अखेरच्या आठवड्यांतील मृत्यू मुख्यतः उपासमार, दूषित पाणी आणि शस्त्रे यांमुळे झाले. देवीची साथ त्याआधीच ओसरली होती.

खरी शोककथा त्यानंतरची. १५३१ मध्ये गोवराची साथ आली. नाहुआंनी देवीला ‘मोठे फोड’ आणि गोवराला ‘लहान फोड’ अशा अर्थाची नावे दिली होती. १५४५ मध्ये जी साथ आली तिला मात्र त्यांच्यापाशी नेमके नाव नव्हते. ‘कोकोलिस्तली’, म्हणजे रोगराई, एवढेच ते म्हणाले. ही साथ १५४८ पर्यंत चालली आणि १५७६ मध्ये पुन्हा उलटली. राजा दुसरा फिलिप याने मेक्सिकोतील वनौषधींच्या अभ्यासासाठी पाठविलेला वैद्य फ्रान्सिस्को एर्नान्देस याने १५७६ च्या साथीत शवविच्छेदने करून लक्षणे टिपून ठेवली: तीव्र ताप, डोकेदुखी, काळी पडलेली जीभ, कावीळ, नाकातून रक्तस्राव आणि थोड्याच दिवसांत मृत्यू.

हा रोग कोणता, यावर आजही एकमत नाही. २००२ मध्ये मेक्सिकन व अमेरिकी संशोधकांनी असा सिद्धांत मांडला, की तो युरोपातून आलेलाच नसावा, तर तीव्र दुष्काळानंतर उंदरांमार्फत पसरलेला स्थानिक रक्तस्रावी ताप असावा. २०१८ मध्ये ओआहाका प्रांतातील तेपोस्कोलुला येथील दफनभूमीतून मिळालेल्या दातांत पॅराटायफॉइडसारखा आंत्रज्वर आणणाऱ्या साल्मोनेला जिवाणूचे जनुकीय अवशेष सापडले. १५४५ च्या साथीचे ते एक संभाव्य कारण ठरते. तथापि अनेक विषाणूंचे अवशेष या पद्धतीने सापडू शकत नाहीत, त्यामुळे अन्य रोगांची शक्यता त्याने मोडीत निघत नाही.

एकूण किती माणसे मेली? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शेरबर्न कुक आणि वुड्रो बोरा यांनी मध्य मेक्सिकोची लोकसंख्या स्पॅनिश येण्यापूर्वी सुमारे अडीच कोटी होती आणि १६०५ च्या सुमारास ती दहा लाखांवर आली, असा अंदाज केला. प्रारंभीचा आकडा फुगविलेला आहे, असे अनेक अभ्यासक मानतात आणि तो याच्या निम्म्याहूनही बराच खाली आणतात. घट प्रचंड होती, याविषयी मात्र दुमत नाही.

ती केवळ जंतूंनी घडविली का, हा प्रश्न त्या काळच्या माणसांनाही पडला होता. मोतोलिनियाने मेक्सिकोवर कोसळलेल्या दहा अरिष्टांची यादी केली. तिच्यात देवीचा क्रमांक पहिला. उरलेल्यांत युद्ध, दुष्काळ, जाचक करवसुली, सोन्याच्या खाणी, गुलामगिरी आणि उद्ध्वस्त राजधानी नव्याने बांधण्याची वेठबिगार यांचा समावेश आहे. शेतातून उठवून खाणीवर नेलेला, अर्धपोटी माणूस तापाला किती तोंड देणार? मोतोलिनिया स्वतः विजेत्यांच्याच गोटातला होता, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे.

साहागुनने १५४५ च्या साथीत एकट्या त्लातेलोल्को येथे दहा हजारांहून अधिक प्रेते पुरल्याचे लिहून ठेवले आहे. अखेरीस तोही त्या रोगाने मरणाच्या दारात गेला होता. त्याच्या ग्रंथाची अंतिम प्रत तेथेच, १५७६ च्या साथीत, पुरी होत होती. आधीच्या खंडांतील कित्येक चित्रे रंगीत आहेत. बारावा खंड अ‍ॅझ्टेकांच्या पाडावाचा. चटईवर पडलेल्या, अंगभर फोड आलेल्या रोग्यांचे चित्र त्यातच आहे. या खंडातील जवळजवळ सारी चित्रे मात्र नुसत्या काळ्या रेषांची आहेत. साथीमुळे रंग आणि रंग भरणारे हात दोन्ही तुटपुंजे झाले, असे अभ्यासक त्याचे कारण सांगतात.