मांडवातील साक्ष

सुरतेचे नाव काढले की मराठी वाचकाला सहसा दोन गोष्टी आठवतात : १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी आणि १९०७ साली तापीच्या तीरावर उधळली गेलेली काँग्रेसची बैठक. तिसरी एक गोष्ट फारशी कोणी काढीत नाही. ती सुरतेच्या न्यायालयात घडली आणि तिच्या मध्यभागी एक तान्हे मूल आहे.

१८८१ साली सुरतेच्या सेशन्स कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस, स्वतःच्या नवजात अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती याच जिल्ह्यातील ओलपाडची. अपिलात फाशी जाऊन काळे पाणी आले आणि पुढे तीही शिक्षा कमी झाली. वृत्तपत्रांतून विधवांच्या अनीतीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा आपला जळजळीत निबंध प्रसिद्ध केला, ही हकीकत मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. आम्ही मात्र येथे वकिलाच्या नजरेने एवढेच विचारू इच्छितो की, या सर्व प्रकरणात कायदा त्या मुलापर्यंत केव्हा पोहोचला? ते गतप्राण झाल्यावर! आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी आई उभी होती. जिच्या भयाने तिचे हात त्या कृत्यास धजले, ती लोकलज्जा कोणत्याच आरोपपत्रात नव्हती.

हे मर्म काही थोरांनी आधीच ओळखले होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यानंतर १८७५ मध्ये खुद्द पंढरपुरात, विठ्ठलाच्या नगरीत, टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम उभा राहिला. तो उभारण्यात पुढाकार घेणारे लालशंकर उमियाशंकर हे जातीने गुजराती, मताने प्रार्थनासमाजी आणि पेशाने न्यायाधीश होते. आपल्यासमोर खटला येईपर्यंत फार उशीर झालेला असतो, हे न्यायासनावर बसणाऱ्या माणसाला कळावे, यात नवल ते काय? मुलाचे रक्षण न्यायालयाच्या पायरीच्या बरेच अलीकडे, घरात, आळीत आणि देवळाच्या आवारात व्हावयास हवे. परंतु तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. मग काय पोहोचते? या प्रश्नाचे एक उत्तर मराठी रंगभूमीने दिले आहे.

त्या उत्तराकडे जाण्यासाठी पुन्हा सुरतेहूनच निघावे लागते. बेहरामजी मलबारी या पारशी गृहस्थाचे बालपण याच शहरात गेले. त्यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली व देशभर वादळ उठविले. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी दासी नावाची बालिका पतीच्या अत्याचाराने मरण पावली आणि अखेर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. त्याने वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. आज ही मर्यादा वाचून अंगावर शहारे येतात. तरी तेवढ्यासाठीही केवढे रण माजले! परकीय सरकारने आमच्या घरात हात घालू नये, अशी लोकमान्यांची भूमिका होती व तिला मोठा पाठिंबा मिळाला. वाद सरकारचा आणि धर्माचा झाला. ज्या मुलीसाठी तो चालला होता, ती त्या गदारोळात कोणाच्याच डोळ्यांपुढे राहिली नाही.

ती डोळ्यांपुढे आली ती १८९९ साली, इंदुरास, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या प्रयोगात. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ ते हेच. कथानक वाचकांच्या परिचयाचे आहे. धनलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या पैलतीरास पोहोचलेल्या श्रीमंतास द्यावयास निघतो, भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो आणि कोदंड नावाचा तरुण त्या लग्नाच्या आड उभा राहतो. येथे कोणी व्याख्यान देत नाही. मैत्रिणींच्या थट्टेतून, आईच्या तगमगीतून, शारदेच्या गाण्यांतून हळूहळू कळत जाते की, या घरात एक मूल विकले जात आहे. कायद्याचा कैवारी व कायद्याचा वैरी शेजारी बसून ते पाहू शकत होते, कारण येथे सरकारचा प्रश्नच नव्हता. समोर आपल्याच घरासारखे घर होते.

देवलांचे खरे धैर्य आम्हास दुसऱ्याच ठिकाणी दिसते. मुलांचा वैरी म्हटला की आपण परका, अनोळखी, रात्री दबा धरून बसणारा मनुष्य कल्पितो. देवलांनी तो वैरी जन्मदात्या पित्यात दाखविला, मध्यस्थ म्हणून वावरणाऱ्या प्रतिष्ठिताच्या मिठ्ठास वाणीत दाखविला. सर्वांना सर्व ठाऊक असूनही लग्नघर सजू लागते, हे त्यांनी रंगमंचावर उभे केले. मांडवातील प्रत्येक मनुष्य साक्षीदार असतो, परंतु साक्ष द्यावयास कोणी उठत नाही. त्यासाठी कोदंड लागतो.

कायद्याच्या अंगानेही हे नाटक पाहण्याजोगे आहे. लग्न अखेर मोडते ते कशामुळे? वधू अल्पवयीन आहे म्हणून नव्हे आणि ती विकली गेली म्हणूनही नव्हे. वर व वधूपिता सगोत्र निघतात म्हणून! १८९९ मध्ये त्या मुलीला वाचविण्यास कोदंडाच्या हाती दुसरे शस्त्रच नव्हते. बालविवाह हा गुन्हा ठरावयास आणखी ३० वर्षे जावी लागली. १९२९ चा तो कायदा आपल्याकडे सर्रास ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो आणि नाटकावरूनच त्यास हे नाव पडले, असे मानणारे सुशिक्षितही आम्हास भेटले आहेत. वस्तुतः ते नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांचे. पण लोकांनी सारडांची शारदा केली, ही चूक मोठी बोलकी आहे. विधेयक मांडणाऱ्या गृहस्थापेक्षा जिच्यासाठी ते मांडले ती मुलगीच लोकांच्या अधिक ओळखीची होती.

आज कांचनभटाचा तो सौदा न्यायालयात आला, तर कोणाचे गोत्र विचारण्याची गरज पडणार नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमान्वये, विकत देऊन लावलेले अल्पवयीनाचे लग्न मुळातच रद्दबातल आहे. ११ वे कलम तर, मुलाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे अशांनी ते लग्न न रोखणे, त्याला हजर राहणे, हेही गुन्ह्यात धरते. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, ज्या विवाहाने देवलांचे नाटक सुखान्त होते, तो कोदंड-शारदेचा विवाहसुद्धा १८ वर्षांच्या आजच्या मर्यादेत बसला नसता. जुनी कलाकृती आपल्याला जेथवर आणून सोडते, तेथून पुढची वाट आपली आपणच चालावी लागते.

आणि ती वाट अजून बरीच शिल्लक आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांपूर्वीच लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के व गुजरातेत २१.८ टक्के आढळले. राज्याची सीमा ओलांडली तरी मुलीचे दैव बदलत नाही, असाच याचा अर्थ. इतर छळाची कथा याहून निराळी नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२ हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र, गुजरात व गोवा ही तिन्ही राज्ये तीत होती. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट तोवर कोणाजवळही बोलून दाखविली नव्हती. देवलांनी १८९९ मध्ये घरातील माणसाकडे बोट दाखविले, ते किती अचूक होते!

येथवर आम्ही कलेचा गौरव केला. परंतु तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे देवळाच्या छायेत वाढलेल्या आम्हा लोकांस शोभणार नाही. खंडोबाला मुरळी सोडण्यात आल्या त्या अजाण वयाच्या मुली होत्या. गोमंतकात व दक्षिणेत देवाच्या सेवेच्या नावाखाली कलावंत घराण्यांतील मुलींचे आयुष्य त्यांना न विचारता ठरविले गेले. त्या घराण्यांनी रागसंगीताला आणि रंगभूमीला जे दिले त्याचे मोल अपार आहे. पण त्याची किंमत कोणत्या वयात व कोणाकडून वसूल झाली, याकडे रसिकांनी पाहिले नाही. त्या बंधनातून बाहेर पडण्याची झुंज गोमंतक मराठा समाजाने स्वतःच दिली. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. तात्पर्य, कला आपोआप मुलांच्या बाजूने उभी राहत नाही. ती कोणाच्या बाजूस उभी करावयाची, हे मांडव घालणाऱ्यांनी ठरवावयाचे असते.

आता सांप्रतच्या मांडवाकडे वळू. सुरतेच्या पूर्वेस लिंबायत व गोडादरा या वस्त्यांलगत पर्वत पाटिया आहे. सुरतेच्या या बाजूस धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तापीच्या काठाने जाणाऱ्या रेल्वेने खानदेश व सुरत यांची गाठ बांधून दिली आणि कापडाच्या धंद्याने ती पक्की केली. आईबाप दोघेही कामावर, घर एका खोलीचे, गावाकडची आजी गावाकडेच राहिलेली. अशा घरात मुलाची हेळसांड होते ती पुष्कळदा दुष्टपणाने होत नाही, लक्ष ठेवणारे माणूसच नसल्याने होते. मुलगी घरी एकटी राहते म्हणून काळजी आणि त्या काळजीपोटी सतराव्या वर्षी तिच्या लग्नाची घाई, हेही याच दुखण्याचे एक अंग. अशा पालकांना गुन्हेगार म्हणून हिणविण्याने मूल सुरक्षित होत नाही. शेजारपाजारच्या चार डोळ्यांनी होते.

ते चार डोळे उघडण्याचे साधन आपल्या हाताशी आहे. गणेशोत्सवाचा मांडव आहे, श्रावणात कानबाई बसते तेव्हाचे जागरण आहे, खानदेशचे वहीगायन आहे, कीर्तन व भारूड तर आहेच. गोव्यात देवळाच्या प्रांगणात गावकऱ्यांनीच जत्रेची नाटके करण्याची परंपरा आमच्या कोंकणी वाचकांस सांगावयास नको. ‘देवापुढे असले विषय कशाला?’ असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही १९५६ साली निवर्तलेल्या गाडगे महाराजांची आठवण देऊ. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असे. ते विचारीत व समुदाय उत्तर देई. त्या रीतीत एक मोठे शहाणपण आहे. जी गोष्ट मनुष्य एकटा बोलू धजत नाही, ती तो हजारांबरोबर मोठ्याने बोलतो. आणि एकदा उच्चारलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या दाराशी उच्चारणे सोपे जाते.

मात्र काही पथ्ये पाळावीत. वस्तीत घडलेली खरी घटना, नावे बदलूनही, मंचावर आणू नये. पीडित मुलाची ओळख उघड करणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे आणि लहानशा वस्तीत नाव बदलून ओळख लपत नाही. ज्या मुलाने सोसले त्यालाच ते करून दाखवावयास लावू नये. खलनायक परकाच असावा, असा हट्ट धरू नये. आणि पडदा पडताच सर्वांनी घरी जावे, असेही होऊ नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मांडवाच्या खांबावर मोठ्या अक्षरांत असावा आणि दोनचार विश्वासू स्त्रिया तेथे बसलेल्या असाव्यात. असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याचा धोका असल्याचे कळल्यावर पोलिसांस कळविणे हे पॉक्सोच्या १९ व्या कलमाने प्रत्येकावर बंधनकारक आहे, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पाठ करावे. घरातले घरातच मिटवू, ही मध्यस्थी भद्रेश्वर दीक्षिताची आहे.

एका प्रयोगाने मूल वाचते, असे आमचे म्हणणे नाही. ‘शारदा’ पाहून डोळे पुसलेल्या पिढीनेही आपल्या मुली लहानपणीच उजविल्या असतील. परंतु कायद्याचे यंत्र तक्रारीशिवाय हलत नाही आणि मूल स्वतः होऊन तक्रार घेऊन येत नाही. ती वडीलधाऱ्या माणसाने करावी लागते आणि तशी करण्याचे बळ त्याला एकांतात क्वचितच येते. १८८१ साली विजयालक्ष्मीच्या शेजाऱ्यांपैकी एखाद्याजवळ ते बळ असते, तर कदाचित त्या अर्भकाला पंढरपूरच्या आश्रमाची वाट सापडली असती. सहा वर्षांपूर्वीच ती उघडलेली होती.