गाण्यांच्या किनाऱ्यावरचा न गाणारा नायक

हिंदी चित्रपटातील नायकाची ओळख बहुधा त्याच्या गाण्यांवरून सांगितली जाते. राज कपूर म्हटले की मुकेश यांचा आवाज आणि शैलेंद्र यांचे शब्द आठवतात, राजेश खन्ना म्हटले की किशोरकुमार. मराठीत दादा कोंडके यांच्या पडद्यावरील रांगड्या नायकाला महेंद्र कपूर यांनी आवाज दिला आणि त्यातील कित्येक गाणी स्वतः दादांनीच लिहिली. या मोजपट्टीने नाना पाटेकर यांच्याकडे पाहिले तर पाटी जवळजवळ कोरी दिसते. त्यांचा असा ठरलेला पार्श्वगायक नाही आणि 'नानांची गाणी' म्हणून कोणी संग्रह काढील, असेही वाटत नाही. तरीही अभिलाष, मंगेश कुळकर्णी, कमलेश पांडे, मजरूह सुलतानपुरी आणि जावेद अख्तर यांच्या लेखणीशी या नटाचा जो संबंध आला, तो गाणाऱ्या नायकांच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

विश्वनाथ ऊर्फ नाना पाटेकर यांचा जन्म १ जानेवारी १९५१ रोजी मुरूड-जंजिरा येथे झाला. तेव्हाचा हा कुलाबा जिल्हा. १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड झाले. उरण, अलिबागपासून मुरूड, श्रीवर्धनपर्यंतचा हा किनारा तसा गाण्यांचाच. होडी लोटताना, हळदीला, नारळी पौर्णिमेला आणि शिमग्याला कोळीवाड्यात गाणे असतेच. हे सूर ध्वनिमुद्रिकांवर आले आणि घराघरांत पोहोचले. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांची चाल आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे आवाज लाभलेले डोलकराचे गाणे तर ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांनाही पाठ असते. अशा किनाऱ्यावर जन्मलेला सर्वांत मोठा चित्रपटनट मात्र ओळखला जातो तो बोलण्यासाठी. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत त्यांचे शिक्षण झाले आणि त्यांची खरी जडणघडण झाली ती रंगभूमीवर, म्हणजे शब्द उच्चारण्याच्या शाळेत. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या 'हमीदाबाईची कोठी' या अनिल बर्वे यांच्या नाटकात ते होते. बैठकीच्या गाण्याचा काळ मावळतानाची ती कहाणी.

डॉ. जब्बार पटेल यांच्या १९७९ च्या 'सिंहासन' मध्ये ते छोट्या भूमिकेत दिसतात. या चित्रपटातील सुरेश भट यांचे गीत हृदयनाथांनी स्वरबद्ध केले आणि आशा भोसले यांनी गायिले. राजकारणाच्या कोरड्या चित्रणात एक गाणे केवढे काम करू शकते, याचा हा नमुना होय. नाना त्या गाण्याचे धनी नव्हेत. परंतु पुढे त्यांच्या चांगल्या चित्रपटांत गाण्याचे स्थान बरेचसे असेच राहिले. ते नायकाच्या तोंडी नसते, त्याच्या भोवती असते.

'अंकुश' हे त्याचे ठळक उदाहरण. गुलजार यांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या एन. चंद्रा यांचा हा पहिला चित्रपट १९८६ मध्ये आला. बेकारीने आणि अपमानाने पिचलेले मुंबईतील चार तरुण आणि त्यांना माणसात आणू पाहणारी एक मुलगी अशी त्याची कथा. त्यातील 'इतनी शक्ती हमें देना दाता' ही प्रार्थना अभिलाष यांनी लिहिली, कुलदीप सिंग यांनी तिला चाल दिली आणि पुष्पा पागधरे व सुषमा श्रेष्ठ यांनी ती गायिली. पुष्पाताई सातपाटीच्या, म्हणजे याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाच्या. प्रार्थनेत बळ मागितले आहे ते मनातील विश्वास ढळू नये म्हणून. चित्रपटातील चौघे मात्र अखेर सूड घेतात आणि फासावर जातात. प्रार्थना आणि कथा अशा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने चालतात, म्हणूनच ती ऐकताना आजही पोटात कालवते.

पुढे या प्रार्थनेचे जे झाले ते विलक्षण आहे. ती चित्रपटातून बाहेर पडली आणि शाळांच्या परिपाठात जाऊन बसली. तुरुंग, रुग्णालये, आश्रम, सभा, सगळीकडे ती म्हटली जाऊ लागली. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती कोण्या संताची किंवा परंपरेने आलेली वाटते. गीतकाराला याहून मोठा मान नाही आणि याहून मोठी उपेक्षाही नाही. चित्रपट नानांचा म्हणून लक्षात राहिला, प्रार्थना सर्वांची झाली आणि अभिलाष हे नाव मधल्या मध्ये गळून पडले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की ही रचना एका माणसाने कागदावर लिहिली होती. त्याच महिन्यात आशालता वाबगावकरही गेल्या. 'मत्स्यगंधा' मधील गाण्यांनी रसिकांच्या मनात घर केलेल्या या गायिका-अभिनेत्रीने 'अंकुश' मध्ये आजीची भूमिका केली होती. पुष्पा पागधरे यांना महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार २०१७ मध्ये जाहीर झाला. गाणे तोपर्यंत तीस वर्षांचे झाले होते.

गीतकार निवडण्याची संधी दिग्दर्शक म्हणून नानांना मिळाली ती 'प्रहार' मध्ये, १९९१ साली. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, म्हणजे त्या काळातील सर्वांत मातब्बर जोडीचे. त्यांच्याबरोबर आनंद बक्षींसारखे नाव सहज शोभले असते. प्रत्यक्षात गीते लिहिली मराठी कवी मंगेश कुळकर्णी यांनी. पुढे 'आभाळमाया' आणि 'वादळवाट' या मालिकांच्या शीर्षकगीतांमुळे ते मराठी घरांत पोहोचले. 'प्रहार' त्याच्या कितीतरी आधीचा. 'हमारी ही मुठ्ठी में' हे यातील गाणे मन्ना डे यांनी गायिले. सत्तरी ओलांडलेल्या, चित्रपटांतून बराच मागे पडलेल्या गायकाचा तो आवाज आहे आणि गाणे आहे उद्याच्या जगाविषयीचे. लष्करी शिस्तीने ताठरलेल्या, हसणे विसरलेल्या मेजर चौहानच्या चित्रपटात एवढे कोवळे गाणे बसले, हे श्रेय कवीइतकेच दिग्दर्शकाचेही मानावे लागेल. नायक मात्र इथेही गात नाही.

त्याला अपवाद नाहीत असे नाही. १९९३ च्या 'तिरंगा' मध्ये राजकुमार यांच्याबरोबर नाना पडद्यावर मजेत गाताना दिसतात. ते गाणे लोकप्रियही झाले, पण नानांच्या अभिनयाचा विचार करताना ते फारसे कोणी आठवत नाही.

खरी गंमत आहे ती बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवर. अमोल पालेकर यांच्या 'थोडासा रूमानी हो जाएँ' (१९९०) मध्ये नाना पाऊस पाडण्याचे वचन देत गावात येणाऱ्या बारिशकरच्या भूमिकेत आहेत. संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि गीते कमलेश पांडे यांची. पात्रे बोलता बोलता कवितेत शिरतात आणि पुन्हा गद्यात उतरतात. नानांचा तुटक, झटके देणारा उच्चार या प्रकाराला इतका मानवतो, की यमक आले आहे हे क्षणभर कळतही नाही. चित्रपट त्या वेळी फारसा चालला नाही, पण पाहणाऱ्यांनी तो जपून ठेवला. १९९८ च्या 'वजूद' मध्ये जावेद अख्तर यांची दीर्घ कविता नानांनी स्वतःच्याच आवाजात म्हटली. संगीतकार अनू मलिक यांनी तिला गाण्यांच्या बरोबरीचे स्थान दिले आणि चित्रपटाच्या ध्वनिफितीत ती गाण्यांच्या रांगेत आली. ज्या नटाला पार्श्वगायक नाही, त्याने कवितेची जागा अशी मिळवली.

त्याआधी दोनच वर्षे, १९९६ मध्ये, संजय लीला भन्साळी यांनी 'खामोशी: द म्युझिकल' मध्ये त्यांच्याकडून हे शब्दही काढून घेतले. गोव्यातील जोसेफ हा मूक-बधिर बाप. मुलगी अॅनी गाणारी. जतिन-ललित यांच्या चाली, मजरूह सुलतानपुरी यांचे शब्द आणि कविता कृष्णमूर्ती यांचा आवाज सभागृहात घुमत असतो आणि पडद्यावरच्या बापापर्यंत त्यातला एकही स्वर पोहोचत नाही. ज्याची ओळखच आवाजाची, अशा नटाने ही भूमिका केवळ बोटांनी आणि डोळ्यांनी निभावली. चित्रपट तिकीटबारीवर पडला. तरी गाण्याविषयी हिंदी चित्रपटात जे थोडे गंभीरपणे सांगितले गेले आहे, त्यात त्याची गणना करायला हवी.

१ जानेवारी २०१६ रोजी, नानांच्या पासष्टाव्या वाढदिवशी, महेश मांजरेकर यांचा 'नटसम्राट' प्रदर्शित झाला. वि. वा. शिरवाडकर यांच्या १९७० च्या नाटकात डॉ. श्रीराम लागू यांनी प्रथम साकारलेले गणपतराव बेलवलकर आता पडद्यावर आले. शिरवाडकर म्हणजेच कवी कुसुमाग्रज, आणि बेलवलकरांची स्वगते तालावर तोललेली. लागूंचा घनगंभीर स्वर ज्यांच्या कानांत होता त्यांना नानांचे बेलवलकर अधिक घरगुती, अधिक ओबडधोबड वाटले आणि त्यावरून वादही झडले. चित्रपट मात्र महाराष्ट्रभर गर्दीत चालला.