मुक्तस्रोत एफपीजीए साधनसाखळी : बिटस्ट्रीमच्या गुप्ततेचा इतिहास

प्रास्ताविक

१९८५ साली अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने एक्ससी २०६४ ही चिप बाजारात आणली. तीत अवघे ६४ लॉजिक ब्लॉक होते. परंतु कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही तिच्यातील परिपथ वापरकर्त्याला हवा तसा बदलता येत असे. कंपनीचे एक संस्थापक रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेतून साकारलेली ही चिप पहिली व्यापारी एफपीजीए मानली जाते. चिप बदलण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला मिळाले. ते बदलण्याची साधने मात्र कंपनीच्याच हाती राहिली. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा आणि ती दूर करण्याच्या प्रयत्नांचा मागोवा घेतला आहे.

गुप्ततेचे स्वरूप

एफपीजीएसाठी परिपथाचे वर्णन व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषेत केले जाते. त्याचे लॉजिकमध्ये रूपांतर होते, मग चिपवर मांडणी व जोडणी होते आणि शेवटी चिपमध्ये भरावयाची बिटांची मालिका, म्हणजे बिटस्ट्रीम, तयार होते. चार इनपुटांच्या एका लुकअप टेबलाला १६ बिट लागतात. तारांच्या जोडण्यांचे बिट त्याहून निराळे. यातील कोणता बिट कोणते कार्य करतो, हे उत्पादकांनी सहसा जाहीर केले नाही. ग्राहकांच्या रचनांची नक्कल होऊ नये, असे समर्थन त्यासाठी दिले जाई. ते अगदीच पोकळ नव्हते. पण ग्राहक आपल्याच सॉफ्टवेअरशी बांधलेला राहतो, हा लाभही उघड होता.

येथे प्रोसेसरशी तुलना उद्बोधक ठरते. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी कंपायलर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो प्रोसेसरचा आज्ञासंच छापील पुस्तिकांत उपलब्ध होता म्हणूनच. एफपीजीएच्या बाबतीत तशी पुस्तिकाच नव्हती.

अपवाद एक होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यास आलेल्या एक्ससी ६२०० मालिकेची बिटरचना झायलिंक्सने खुली ठेवली होती आणि चुकीच्या बिटांनी ती चिप जळतही नसे. म्हणूनच ससेक्स विद्यापीठातील एड्रियन थॉम्पसन यांना १९९६ मध्ये उत्क्रांतीच्या तत्त्वावर परिपथ घडविण्याचा प्रयोग तिच्यावर करता आला. एक व दहा किलोहर्ट्‌झचे स्वर ओळखणारा परिपथ केवळ १०० पेशींच्या जागेत तयार झाला. ही मालिका पुढे बंद पडली आणि तिच्याबरोबर हा खुलेपणाही संपला.

कल्पित चिपवरील संशोधन

विद्यापीठे स्वस्थ बसली नव्हती. टोरोंटो विद्यापीठातील वॉन बेट्झ व जोनाथन रोझ यांनी १९९७ मध्ये व्हीपीआर हे मांडणी-जोडणीचे साधन सादर केले. त्यावर पुढे विपुल संशोधन झाले; परंतु ते मुख्यतः कागदावर वर्णिलेल्या कल्पित चिपवर चाले. उत्तम पद्धती हाती असूनही बाजारातील चिप त्यांच्या साहाय्याने चालविता येत नव्हती. अडचण गणिताची नव्हती, कागदपत्रांची होती, असेच म्हणावे लागते.

आइसस्टॉर्म

हा तिढा २०१५ मध्ये सुटला. क्लेअर वुल्फ व मथियास लासर यांनी आइसस्टॉर्म प्रकल्पात लॅटिस कंपनीच्या आइस-४० मालिकेची बिटरचना उलगडून प्रसिद्ध केली. निवड विचारपूर्वक केलेली दिसते. १,२८० लॉजिक पेशींची ही लहान चिप नियमित घडणीची होती आणि तिचे बोर्डही स्वस्त मिळत. पद्धतीत चमत्कार काहीच नव्हता. कंपनीच्याच सॉफ्टवेअरला असंख्य छोटे परिपथ द्यायचे, प्रत्येक वेळी कोणते बिट बदलतात ते टिपायचे आणि त्यावरून प्रत्येक बिटाचा अर्थ ठरवायचा. हे काम शिलालेखाचे वाचन करणाऱ्या अभ्यासकाच्या कामाशीच अधिक मिळतेजुळते आहे.

वुल्फ यांचे योसिस हे सिंथेसिसचे साधन व्हिएन्नात आधीच सिद्ध झाले होते. त्याला अरॅक्नी-पीएनआर या मांडणी-जोडणीच्या साधनाची जोड मिळाली आणि व्हेरिलॉगपासून बिटस्ट्रीमपर्यंतची साखळी प्रथमच संपूर्णपणे मुक्तस्रोत झाली. ती रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावरही चालू शकली. अनेक गिगाबाइट जागा व्यापणारी व्यापारी साधने प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर बसविताना होणारी ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

२०१८ मध्ये नेक्स्टपीएनआर आले आणि ट्रेलिस प्रकल्पाने लॅटिसच्याच ईसीपी-५ मालिकेपर्यंत हे काम पोहोचविले. झायलिंक्सच्या सातव्या मालिकेसाठी एक्स-रे प्रकल्प उभा राहिला. २०२० मध्ये क्विकलॉजिक या कंपनीने तर स्वतःच मुक्तस्रोत साधनांचा स्वीकार केला.

मोठ्या चिपांची स्थिती निराळी आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या सुधारित संकेतप्रक्रिया यंत्रणेत रोच नावाचे एफपीजीए बोर्ड वापरले गेले. या बोर्डांचे आराखडे कॅस्पर या खगोलशास्त्रीय सहकार्यगटाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यांवरील व्हर्टेक्स-५ चिपसाठी बिटस्ट्रीम तयार करण्याचे काम मात्र झायलिंक्सच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवरच अवलंबून राहिले.