जुना लॅपटॉप आणि विंडोजचा परवाना : की बदलण्यापूर्वी काय तपासावे?

पिंपरी - पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात वापरलेल्या लॅपटॉपना चांगली मागणी असते. आयटीआय व पदविकेचे विद्यार्थी, कारखान्यांतील शिकाऊ उमेदवार, भोसरी-तळवडे भागातील लघुउद्योजक अशा अनेकांना नव्या यंत्राची किंमत परवडत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६२ मधील स्थापनेनंतर चिंचवड-भोसरी परिसरात कारखानदारी वाढली. पुढे ती चाकणकडे विस्तारली आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनसारख्या परदेशी कंपनीचा प्रकल्पही तेथे सुरू झाला. या उद्योगांच्या आणि हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या कार्यालयांतून निवृत्त झालेली यंत्रे व्यापाऱ्यांमार्फत सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचतात.

लॅपटॉप घरी आणल्यावर काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरे उमटतात. मग ग्राहक दुकानदाराकडे धाव घेतो आणि नवी की टाकून घेण्यासाठी पुन्हा पैसे मोजतो. प्रत्यक्षात अशा पुष्कळ यंत्रांना नव्या कीची गरजच नसते. त्या यंत्राचा स्वतःचा परवाना यंत्रातच असतो. तो ओळखायचा कसा आणि खरोखर की बदलावी लागली तर कोणती काळजी घ्यावी, याची ही माहिती.

की म्हणजे परवाना नव्हे

विंडोजची प्रॉडक्ट की ही रोमन अक्षरे व अंक मिळून २५ चिन्हांची असते. पाच-पाच चिन्हांचे पाच गट त्यात असतात. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून घरगुती ग्राहकांनाही ही की मायक्रोसॉफ्टकडून पडताळून घेणे आवश्यक झाले. या पडताळणीलाच ‘ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. एक्सपीच्या काळात तीस दिवसांत ॲक्टिव्हेशन न केल्यास संगणक वापरता येत नसे. विंडोज १० आणि ११ मध्ये काम चालू राहते. मात्र पडद्यावर सूचना दिसत राहते आणि रंगसंगती, पार्श्वचित्र आदी बदलण्याच्या सोयी बंद होतात.

परवाना हा वापराचा हक्क आहे, तर की हे त्या हक्काची नोंद करण्याचे साधन आहे. सात-बारा उतारा आणि घराच्या कुलपाची चावी यांत जो फरक, तोच येथे आहे. चावी हाती आली म्हणून घर नावावर होत नाही. त्याचप्रमाणे की चालली, म्हणून परवाना मिळाला असे होत नाही.

परवान्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार ‘ओईएम’ परवान्याचा. लॅपटॉप तयार करणारी कंपनी तो यंत्राबरोबरच देते. हा परवाना त्या यंत्राशी, मुख्यतः त्याच्या मदरबोर्डशी, बांधलेला असतो. यंत्र विकले की परवानाही नव्या मालकाकडे जातो. मात्र तो काढून दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही.

दुसरा प्रकार ‘रिटेल’. ग्राहकाने स्वतंत्रपणे विकत घेतलेला हा परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. एका वेळी तो एकाच यंत्रावर वापरता येतो.

तिसरा प्रकार ‘व्हॉल्यूम’. कंपन्या, महाविद्यालये व शासकीय कार्यालये अनेक यंत्रांसाठी एकत्रित परवाना घेतात. हा परवाना त्या संस्थेचा असतो. लॅपटॉप विकला तरी तो लॅपटॉपबरोबर जात नाही.

यंत्राची मूळ की कोठे असते?

विंडोज ७ पर्यंतच्या लॅपटॉपवर तळाशी किंवा बॅटरीच्या खोबणीत रंगीत चिकटपट्टी असे. तिच्यावर की छापलेली असे. वापराने ती अक्षरे पुसट होत. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि ही पद्धत बदलली. तेव्हापासून लॅपटॉप कंपन्या की मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे बोलीभाषेतील ‘बायॉस’मध्ये, साठवतात. हार्ड डिस्क बदलली किंवा फॉरमॅट केली तरी ही की कायम राहते. विंडोज नव्याने भरताना प्रणाली ती आपोआप वाचते आणि इंटरनेटशी जोडणी होताच ॲक्टिव्हेशन पूर्ण होते.

जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने ‘डिजिटल परवाना’ रूढ केला. यात यंत्राच्या सुट्या भागांची एक खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. त्यामुळे एकदा ॲक्टिव्हेट झालेल्या यंत्रावर तीच आवृत्ती पुन्हा भरल्यास की मागितली तरी ती न देता पुढे जाता येते.

कार्यालयातून आलेला लॅपटॉप

औद्योगिक पट्ट्यातील ग्राहकाची फसगत बहुधा येथे होते. कंपनीच्या लॅपटॉपवर मूळ ‘प्रो’ आवृत्तीचा ओईएम परवाना असतो. पण कंपनी त्यावर आपल्या व्हॉल्यूम परवान्याची ‘एंटरप्राइज’ आवृत्ती भरते. ‘केएमएस’ या पद्धतीत असे यंत्र कंपनीच्या सर्व्हरकडून ॲक्टिव्हेशन घेते. ते १८० दिवस टिकते आणि यंत्र कंपनीच्या जाळ्यात असेपर्यंत त्याचे नूतनीकरण आपोआप होत राहते. लॅपटॉप विकला गेल्यावर हा संबंध तुटतो. खरेदीच्या दिवशी सर्व काही सुरळीत दिसते आणि मुदत संपताच सूचना झळकू लागते.

अशा वेळी महागडी नवी की घेण्याऐवजी एंटरप्राइज आवृत्ती काढून यंत्राची मूळ आवृत्ती नव्याने भरणे हा साधा उपाय आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज भरण्याचे साधन मोफत उतरवून घेता येते. बायॉसमधील की ‘प्रो’ची असेल, तर प्रो आवृत्ती कोणताही खर्च न करता ॲक्टिव्हेट होते.

कार्यालयीन यंत्रांबाबत आणखी तीन अडथळे संभवतात. बायॉसला कंपनीचा पासवर्ड असू शकतो. डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असू शकते. तिसरा अडथळा अधिक त्रासदायक आहे : अनेक कंपन्या आपली यंत्रे ‘ऑटोपायलट’ या सेवेत नोंदवतात. ही नोंद काढली नसेल, तर विंडोज नव्याने भरल्यावरही सुरुवातीलाच कंपनीचा ईमेल व पासवर्ड मागितला जातो. ही नोंद संबंधित कंपनीच्या संगणक विभागानेच काढून घ्यावी लागते. म्हणून विक्रेत्यासमोरच यंत्र ‘रीसेट’ करून, इंटरनेटला जोडून पाहणे श्रेयस्कर.

तपासणी कशी करावी?

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘ॲक्टिव्हेशन’ असा क्रम आहे. विंडोज १० मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ या विभागात ‘ॲक्टिव्हेशन’ सापडते. तेथे आवृत्तीचे नाव आणि ॲक्टिव्हेशनची स्थिती दिसते. ‘डिजिटल परवान्याने ॲक्टिव्हेट’ असा उल्लेख ही चांगली खूण आहे. ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेमार्फत’ असा उल्लेख असेल, तर तो परवाना व्हॉल्यूम प्रकारचा समजावा.

अधिक खात्रीसाठी विंडोजचे बटण आणि ‘आर’ हे अक्षर एकत्र दाबावे. उघडणाऱ्या चौकटीत रोमन लिपीत एस, एल, एम, जी, आर ही अक्षरे, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला जोडून एक्स, पी, आर ही अक्षरे टंकित करावीत. ॲक्टिव्हेशन कायमचे आहे की विशिष्ट तारखेला संपणारे, हे लगेच कळते. शेवटच्या तीन अक्षरांऐवजी डी, एल, आय टंकित केल्यास परवान्याचा प्रकार आणि कीची शेवटची पाच चिन्हे दिसतात. ‘ओईएम’ असे दिसल्यास परवाना यंत्राबरोबर आलेला आहे. ‘व्हॉल्यूम’ दिसल्यास सावध व्हावे. ‘रिटेल’ हा शब्द मात्र निर्णायक मानू नये; जुन्या आवृत्तीवरून मोफत अद्ययावत झालेल्या यंत्रांवरही तोच दिसतो.

की बदलण्याची रीत

स्वतःची वैध की हाती असल्यास ॲक्टिव्हेशनच्या त्याच पानावर प्रॉडक्ट की बदलण्याचे बटण आहे. ते दाबून २५ चिन्हे भरावीत. संयोगरेषा आपोआप पडतात. विंडोजच्या कीमध्ये शून्य, एक आणि पाच हे अंक तसेच ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरे येत नाहीत. पुसट चिकटपट्टीवर ‘ओ’ वाटणारे अक्षर त्यामुळे बहुधा ‘क्यू’ किंवा ‘डी’ असते. आठचा अंक आणि ‘बी’ यांतही गल्लत होते.

की आवृत्तीशी जुळली पाहिजे. भारतात विकल्या गेलेल्या अनेक लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते. तिचा परवाना साध्या ‘होम’ किंवा ‘प्रो’ आवृत्तीला चालत नाही. ‘प्रो’ची की दिल्यास ‘होम’चे ‘प्रो’ होते. उलट दिशेने यायचे असल्यास विंडोज नव्याने भरावे लागते. कोणताही बदल करण्यापूर्वी आपल्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी.

दुरुस्तीत मदरबोर्ड बदलल्यास यंत्राची खूण बदलते आणि ॲक्टिव्हेशन जाऊ शकते. ओईएम परवाना सर्वसाधारणपणे मूळ बोर्डाबरोबरच संपतो. डिजिटल परवाना आधीच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असल्यास ॲक्टिव्हेशन पानावरील दुरुस्ती-साहाय्यकातून पुन्हा प्रयत्न करता येतो. मागील मालकाचे खाते यंत्रावर राहू देऊ नये.

स्वस्त की आणि ‘क्रॅक’

आंतरजालावर काहीशे रुपयांत मिळणाऱ्या की अनेकदा एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम परवान्यातून फुटलेल्या असतात. गैरवापर लक्षात येताच मायक्रोसॉफ्ट त्या रद्द करते. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ‘यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ खटल्यात वापरलेल्या सॉफ्टवेअर परवान्यांच्या फेरविक्रीस अटींसह मुभा दिली. त्या आधारे काही विक्रेते आपल्या की कायदेशीर असल्याचा दावा करतात. हा निर्णय युरोपीय संघापुरता आहे. भारतातील न्यायालयांवर तो बंधनकारक नाही.

‘क्रॅक’ किंवा ‘ॲक्टिव्हेटर’ याहून घातक. त्यांपैकी अनेक साधने यंत्रातच खोटा केएमएस सर्व्हर उभा करतात. ती चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितले जाते आणि यंत्राचा पूर्ण ताबा अनोळखी सॉफ्टवेअरकडे जातो. ज्या लॅपटॉपवर जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात, कामगारांचे पगार बँकेतून वळते होतात, त्यावर ही जोखीम पत्करणे महागात पडते.

कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक सॉफ्टवेअर हे साहित्यकृतींत मोडते. कलम ६३ ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यवसायात झालेला नसल्यास न्यायालय कारावास न देता केवळ ५० हजार रुपयांपर्यंतचा दंड करू शकते. ही सवलत विद्यार्थ्याला मिळू शकते. त्याच लॅपटॉपवर बिले बनवणाऱ्या वर्कशॉपचालकाला ती मिळण्याजोगी नाही.

जुन्या आवृत्त्यांची मुदत

वैध परवाना असला तरी आवृत्ती कालबाह्य झालेली असू शकते. विंडोज ७ च्या सुरक्षा दुरुस्त्या सर्वसामान्यांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी, ८.१ च्या १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज १० च्या वैयक्तिक ग्राहकांसाठी विस्तारित सुरक्षा योजना जाहीर करताना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली. विंडोज ७ व ८ च्या की वापरून नव्या आवृत्त्या ॲक्टिव्हेट करण्याची वाटही सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केली. त्यापूर्वी मिळालेले डिजिटल परवाने कायम राहिले.

विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर लागतो. या अटी न पुरवणाऱ्या यंत्रावर नव्या कीसाठी पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. त्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली विनामूल्य आणि कायदेशीरपणे वापरता येते. मात्र आपल्या कामाचे सॉफ्टवेअर तीवर चालते का, हे आधी पाहावे.

खरेदीच्या वेळी

पक्के बिल घ्यावे. त्यावर लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि विंडोजची आवृत्ती लिहून घ्यावी. ‘ओरिजिनल विंडोज’ असे तोंडी सांगितले गेल्यास परवान्याचा प्रकारही बिलावर नोंदवण्याचा आग्रह धरावा. वरील दोन्ही तपासण्या दुकानातच कराव्यात. त्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. जुना लॅपटॉप विकणाऱ्यानेही आपली रिटेल की त्यातून काढून घ्यावी आणि खाते बाहेर काढावे.

फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ऑनलाइन पैसे भरून फसगत झाली असेल, तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसर २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो.