कौल एक, कान अनेक

निवडणुकीचे निकाल नेहमी दोन लागतात. पहिला मतमोजणीच्या टेबलावर लागतो, तो आकड्यांचा. दुसरा त्याच संध्याकाळी पक्षांच्या कचेऱ्यांत लागतो, तो अर्थाचा. इतिहासाची पुस्तके पहिला निकाल नोंदवून पुढे सरकतात. मला मात्र, कादंबऱ्या लिहिण्याच्या खोडीमुळे असेल, दुसऱ्याचेच कुतूहल अधिक वाटत आले आहे. कारण हरलेला आणि जिंकलेला माणूस रात्री स्वतःची समजूत कशी घालतो, यावरच त्याचा पुढला मुक्काम ठरत असतो.

हा दुसरा निकाल सर्वांत रंगतो तो मधल्या निवडणुकांत. पाच वर्षांची मोठी निवडणूक दूर असते, सरकार बदलायचे नसते, आणि मध्येच एखादी जागा रिकामी होऊन तिथे मतदान होते. जागा एक, पण तिच्यावर उभ्या महाराष्ट्राचे भविष्य वर्तवले जाते!

पुण्याचेच उदाहरण घ्या. मुक्ता टिळक व लक्ष्मण जगताप या दोन आमदारांच्या निधनामुळे कसबा आणि चिंचवड या जागा रिकाम्या झाल्या. २६ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन्हीकडे मतदान झाले आणि २ मार्चला निकाल लागला. कसब्यात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपचे हेमंत रासने यांचा सुमारे ११,००० मतांनी पराभव केला. १९९५ पासून भाजपकडे असलेला बालेकिल्ला पडला. चिंचवडला मात्र भाजपच्या अश्विनी जगताप निवडून आल्या. एक दिवस, एक जिल्हा, निकाल दोन. मग काय विचारता! एका बाजूने कसबा उचलला आणि वारे फिरल्याची द्वाही फिरवली. दुसरीने चिंचवड उचलले आणि आपला पाया शाबूत असल्याचे सांगितले. टिळकांच्या घरात उमेदवारी न दिल्याने जुना मतदार रुसला, असे कोणी म्हणाले. चिंचवडला राहुल कलाटे अपक्ष उभे राहून मते फुटली, असे दुसऱ्यांचे म्हणणे. यातले खोटे कोणतेच नव्हते. पण प्रत्येकाने आपल्या सोयीचे तेवढेच खरे निवडून घेतले होते.

पुढची हकिकत वाचकांना ठाऊक आहेच. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, तेव्हा कसब्याचा जोशी खरा ठरला असे वाटले. पण खुद्द धंगेकर त्याच निवडणुकीत पुण्यात मुरलीधर मोहोळ यांच्याकडून हरले. नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीने मुसंडी मारली आणि कसब्यात रासने यांनी धंगेकरांना हरवून जागा परत घेतली. गंमत म्हणजे कसब्याने हा खेळ पूर्वीही एकदा खेळला होता. अण्णा जोशी १९९१ साली लोकसभेवर गेले, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेवर काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले व गिरीश बापट हरले. १९९५ च्या मोठ्या निवडणुकीत बापट तिथूनच निवडून आले आणि पुढे पाच वेळा आमदार राहिले.

हे असे का होते? मधल्या निवडणुकीत मतदाराला ठाऊक असते की, आपल्या मताने सरकार पडणार नाही. तेव्हा तो मोकळ्या मनाने कान उपटतो. शिवाय साऱ्या मंत्र्यांची व पुढाऱ्यांची धाव त्या एकाच मतदारसंघाकडे असते. तिथले तापमान राज्याच्या तापमानाशी जुळेलच असे नाही. आमच्या डिंभ्याला घोड नदीवर धरण आहे. पावसाळ्यात एका ओढ्याला लोंढा आला, म्हणून कोणी धरण भरले असे म्हणत नाही; पण ओढा कोरडा होता असेही म्हणत नाही. पक्षांना मात्र या दोन्हींपैकी एक म्हटल्यावाचून राहवत नाही.

ही आपलीच खासियत आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत मोठ्या निवडणुकांच्या अध्येमध्ये व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी ही राज्ये आपापले गव्हर्नर निवडतात. २००९ साली ओबामा अध्यक्ष असताना दोन्ही जागा विरोधी रिपब्लिकनांनी जिंकल्या. २०१० साली लोकप्रतिनिधिगृहही त्यांच्या हाती गेले. ओबामांचे दिवस भरले, असे पुष्कळांनी ठरवून टाकले. पण २०१२ साली तेच पुन्हा निवडून आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली, तेव्हा अध्यक्ष ट्रम्प यांनी कारण सांगितले, की मतपत्रिकेवर आपले नाव नव्हते आणि सरकारी कामकाज बंद पडलेले होते. आमच्या वर्गातला मुलगा पास झाला तर अभ्यास केला म्हणून, आणि नापास झाला तर पेपर अवघड होता म्हणून. माणसाचा स्वभाव सात समुद्रांपलीकडेही तोच!

परंतु सारेच पुढारी असे नसतात, आणि याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात काँग्रेसला ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या. आकड्याने विजयच तो. पण पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने तिची दाणादाण उडवली. पुण्यात ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांना हरवले, मुंबईत कॉम्रेड डांगे निवडून आले, आणि खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडला थोडक्यात बचावले. त्याच वर्षी मुंबई महापालिकाही समितीकडे जाऊन आचार्य दोंदे महापौर झाले. बहुमताचा आकडा दाखवून ‘लोकांना द्वैभाषिक मान्य आहे’ असे म्हणणे काँग्रेसला सोपे होते, आणि म्हणणारेही होते. यशवंतरावांनी मात्र जिथे पक्ष हरला तिथले बोलणे ऐकले आणि ते दिल्लीच्या कानावर घातले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ साली काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या; गोरे आणि डांगे दोघेही लोकसभेला पडले.

समितीचे काय चुकले? लोकांनी मते दिली होती ती मराठी राज्यासाठी. घटक पक्षांतल्या पुष्कळांना ती आपापल्या तत्त्वज्ञानाची पावती वाटली. राज्य मिळाले, एकीचा धागा सुटला आणि मते आपापल्या घरी परतली. समितीने महाराष्ट्र मिळवून दिला, हे तिचे ऋण कधी फिटणारे नाही. पण जिंकलेल्यालाही कौल चुकीचा ऐकू येतो, हे त्या पाच वर्षांनी शिकवले.

१९६३ साली हाच धडा देशाने गिरवला. चीनच्या युद्धानंतरच्या पोटनिवडणुकांत लोहिया, कृपलानी आणि मिनू मसानी हे तिघेही निवडून आले. नेहरू सरकारवरचा पहिला अविश्वासाचा ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. पण बहुमत हाती असूनही स्वस्थ न बसता काँग्रेसने कामराज योजना आणली. सहा केंद्रीय मंत्री व सहा मुख्यमंत्री पदांवरून उतरले. लोहियांनी याच विजयांतून विरोधकांच्या एकीचे सूत्र पक्के केले, आणि १९६७ साली अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. एकाच निकालातून दोघांनी कामाचे काही उचलले. एकाने ते अधिक नेटाने राबवले, इतकेच.

मतदाराजवळ भाषणाला व्यासपीठ नसते. त्याच्याजवळ एक बोट असते आणि त्यावर शाईचा एक ठिपका. रस्ता नाही, पाणी नाही, पोराला नोकरी नाही, हे सारे त्याला त्या एका खुणेत सांगायचे असते. त्या बोलण्याचा अर्थ लावताना पक्षांनी केवळ आपलीच समजूत घातली, तर पुढाऱ्यांची एखादी जागा जाते. मतदाराची मात्र पाच वर्षे जातात.