बालाचं पाणी

कॉटेज शोधताना आम्ही चार फिल्टर लावले होते: सहा माणसांची सोय, लिव्हरपूलहून दोन तासांच्या आत, स्वयंपाकघर बऱ्यापैकी मोठं, आणि हॉट टब. शेवटचा फिल्टर माझा नव्हता. पण खोटं कशाला बोला, मी विरोधही केला नाही. आठवडाभर स्क्रीनसमोर बसून मान आखडलेल्या माणसाला गरम पाण्याचं वावडं नसतं.

असे आम्ही उत्तर वेल्समधल्या बाला या बाजारगावी पोचलो. नाव आपल्याकडच्या मुलीचं वाटतं, पण वेल्शमध्ये बाला म्हणजे तळ्यातून नदी बाहेर पडते ती जागा. तळं म्हणजे लिन तेगिद, वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं, नदी डी. गावाला एकच मोठा रस्ता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं हे गाव, अठराव्या शतकात लोकरीच्या पायमोज्यांसाठी प्रसिद्ध होतं. गावातल्या मातीच्या जुन्या टेकाडावर बसून लोक मोजे विणायचे म्हणे. दंतकथा सांगते की लिन तेगिदच्या तळाशी एक बुडालेलं गाव आहे. ही दंतकथा मी पहिल्या संध्याकाळी टबात बसून फोनवर वाचली आणि मोठ्याने सगळ्यांना ऐकवली. वर चांदणं, खाली वाफ. वातावरणनिर्मिती झकास झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉटेजची देखभाल करणाऱ्या बाई टबाचं पाणी तपासायला आल्या. साठीच्या असतील. कुठून आलात, त्यांनी विचारलं. मी लिव्हरपूल म्हटलं. त्यांना बहुधा भारत हे उत्तर अपेक्षित होतं. क्षणभर थांबून त्या हसत म्हणाल्या, “म्हणजे पाणी तिकडेही आमचंच पिता.”

मीही हसलो. मग दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिलं.

लिव्हरपूलने वेल्समधून पाणी आणायला सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकात. १८८० च्या दशकात वर्नवी नदीवर दगडी धरण बांधलं, त्यात लानुधिन नावाचं अख्खं गाव गेलं. शहर वाढत होतं, कॉलऱ्याच्या आठवणी ताज्या होत्या, स्वच्छ पाणी ही चैन नव्हती. हे मान्य करूनच पुढे जायला हवं, नाहीतर गोष्ट फार सोपी होते. डिसेंबर १९५५ मध्ये शहराची पुढची योजना जाहीर झाली: बालाच्या वायव्येला चारेक मैलांवर त्रवेरिन नदीचं खोरं अडवायचं. खोऱ्यात कापेल केलिन नावाचं गाव होतं. देऊळवजा चॅपल, शाळा, पोस्ट, बारा घरं आणि शेतवाड्या. ६७ माणसं, त्यातल्या ४८ जणांची घरं पाण्याखाली जाणार होती. सगळ्यांची भाषा वेल्श.

इंजिनिअर म्हणून सांगतो, त्या योजनेची रचना सुंदर आहे. धरणातून शहरापर्यंत नळ टाकायची गरजच ठेवलेली नाही. पाऊसकाळात पाणी साठवायचं, नदी आटली की त्रवेरिनमध्ये सोडायचं; त्रवेरिन बालापाशी डीला मिळते, आणि मग कितीतरी मैल खाली, चेस्टरजवळ, डीमधून पाणी उचलायचं. नदीच नळ. कमी भाग, कमी बिघाड. असं डिझाइन मी केलं असतं तर मित्रांना कौतुकाने दाखवलं असतं. अडचण तिथेच आहे. लाखो माणसांच्या हिशेबात ४८ हा आकडा राउंडिंग एरर ठरतो.

लिव्हरपूलने वेल्समधल्या स्थानिक नियोजन अधिकाऱ्यांची परवानगी घेतली नाही. शहराने थेट ब्रिटिश संसदेत खासगी विधेयक मांडलं, म्हणजे वेल्समधल्या कुठल्याही टेबलावर कागद जायलाच नको. नोव्हेंबर १९५६ मध्ये कापेल केलिनची माणसं लिव्हरपूलला गेली आणि फलक घेऊन रस्त्यावरून चालली. ज्या मध्यवर्ती भागात मी रोज बस बदलतो तिथून ती गेली असणार, असं वाटत राहतं. मतदान झालं तेव्हा वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही. विधेयक आरामात मंजूर झालं. १ ऑगस्ट १९५७ ला कायदा झाला. नियमात कुठे चूक नव्हती, हेच त्यातलं भयंकर.

१९६३ मध्ये शाळा बंद झाली, सप्टेंबरात चॅपलमध्ये शेवटची प्रार्थना झाली. स्मशानातली आठ प्रेतं उकरून दुसरीकडे नेली. बाकीच्यांवर काँक्रीट ओतलं. त्याच वर्षी तरुणांनी बांधकामाच्या जागी बॉम्ब लावून ट्रान्सफॉर्मर उडवला. २१ ऑक्टोबर १९६५ ला उद्‌घाटन होतं. निदर्शकांनी मायक्रोफोनच्या तारा कापल्या, भाषणं कोणाला ऐकूच गेली नाहीत, समारंभ काही मिनिटांत गुंडाळावा लागला. पुढच्या वर्षी ग्विनवोर एव्हान्स पोटनिवडणूक जिंकून वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार झाले. लिव्हरपूलच्या महापालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये.

एक योगायोग बालात आल्याशिवाय लक्षात आला नसता. १८६५ च्या मे महिन्यात मिमोसा नावाचं जहाज दीडशेच्या आसपास वेल्श माणसं घेऊन पॅटागोनियाला निघालं, आपली भाषा इंग्रजीच्या पोटात जाऊ नये म्हणून. त्या कल्पनेमागचे प्रमुख गृहस्थ, मायकेल डी. जोन्स, बालातल्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजचे प्राचार्य. आणि जहाज सुटलं ते लिव्हरपूलच्या बंदरातून. बरोबर शंभर वर्षांनी धरणाचं उद्‌घाटन.

दुपारी आम्ही धरण बघायला गेलो. दगडमातीचा लांबलचक बांध, वर गवत, पलीकडे निळंकरडं पाणी. काठाला एक छोटं स्मारक-चॅपल आहे, जुन्या गावातून आणलेल्या दगडांचं. धरणाच्या खाली, सोडलेल्या पाण्याच्या जोरावर, राफ्टिंगचं केंद्र चालतं. मित्र तिकडे पळाले. मी काठावर थांबलो.

माझ्या आईच्या आईचं गाव सह्याद्रीतल्या एका धरणाखाली आहे. नाव सांगत नाही, कुठलंही घाला. तिला जिल्हा ओलांडून माळरानावर जमीन मिळाली, तिथे ती पन्नास वर्षं ‘नव्या गावात’ राहिली. गाव कितीही जुनं झालं तरी तिच्या तोंडी नवंच. धरण हा शब्द ती वापरत नसे. म्हणायची, “पाणी आलं त्या साली.” गावात पाणी आलं, ही महाराष्ट्रात कुठेही आनंदाची बातमी असते. तिच्या वाक्यात तो आनंद कुठे गेला, हे मला लहानपणी कळत नसे. इंजिनिअरिंगला होतो तेव्हा धरणाच्या विजेचे आकडे मी तिला अभिमानाने सांगितले होते. तिने ऐकून घेतले आणि चहा ठेवला.

लानरिस्टिड गावाजवळ, समुद्राकाठच्या रस्त्यावर, एका पडक्या भिंतीवर साठच्या दशकात कोणीतरी रंगाने लिहिलं: ‘कोव्ह्यूख द्रवेरिन’. त्रवेरिन आठवा. लिहिणारे माइक स्टीव्हन्स पुढे नावाजलेले लेखक झाले. वेल्श ते मोठेपणी शिकलेले. आपल्याकडे घोडा-घोड्याला असं शब्दाचं शेपूट बदलतं, वेल्शमध्ये डोकं बदलतं. इथे ‘त’चा ‘द’ व्हायला हवा होता. मूळ भिंतीवर तो झाला नव्हता, मागाहून दुरुस्त झाला. २०१९ मध्ये भिंतीची मोडतोड झाली, तेव्हा वेल्सभर लोकांनी आपापल्या भिंतींवर तेच दोन शब्द रंगवले.

परतताना मला कॉटेजकडेही वेगळ्या नजरेने बघावं लागलं. जाड दगडी भिंती, बुटका दरवाजा. हे कोणाचं तरी राहतं घर होतं. वेल्शमध्ये अशा सुट्टीच्या घराला ‘ती हाव’ म्हणतात, उन्हाळ्याचं घर. १९७९ च्या डिसेंबरपासून पुढची दहाबारा वर्षं, इंग्रजांच्या मालकीची दोनशेहून अधिक अशी घरं जाळली गेली. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण स्थानिक पोराला स्वतःच्या गावात घर परवडेना, हे कारण आजही जागेवर आहे. ग्विनेद कौन्सिलने, ज्यात बाला येतं, एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवर दीडशे टक्के जादा कर लावला. वर्षात किमान १८२ दिवस भाड्याने गेलेलं घर व्यवसाय धरलं जातं आणि त्यातून सुटतं. हॉट टब असेल तर जानेवारीतही माणसं येतात. म्हणजे आमचा चौथा फिल्टर मालकाच्या हिशेबातही असणार.

देखभालीच्या बाईंच्या मुलाचं काय, हे मी शेवटच्या सकाळी विचारलं. तो रेक्सममध्ये भाड्याने राहतो, त्या म्हणाल्या, दर रविवारी जेवायला येतो. बोलता बोलता त्यांनी टबाचा बूच काढला. प्रत्येक पाहुण्यामागे पाणी बदलावं लागतं. बाराशे लिटर, घड्याळ लावून बघितलं तर पाऊण तास. पाणी कुठे जातं, मी विचारलं. “खाली,” त्या म्हणाल्या आणि नदीच्या दिशेने हात केला.

लिव्हरपूलला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. किटलीत पाणी भरलं आणि आईला फोन लावला, भारतात मध्यरात्र उलटून गेली आहे हे लक्षात न घेता. ती दचकूनच उठली. म्हटलं, काही नाही, आजीच्या जुन्या गावाचं नाव नीट कसं लिहायचं ते सांग.