लिहिणारा गेला, खप वाढला: एन.डब्ल्यू.ए.च्या शेवटच्या अल्बमची गोष्ट

चांगला चाललेला फड फुटला की लोक म्हणतात, "अहंकार आडवा आला." मला ते अर्धंच खरं वाटतं. आधी हिशेबाची वही उघडून बघावी. त्यासाठी आज अमेरिकेतल्या एका रॅप ग्रुपची गोष्ट सांगतो.

कॉम्प्टन हे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं शहर. गरिबी, टोळ्या आणि पोलिसांचा जाच, तिन्ही रोजचंच. तिथल्या पोरांनी एन.डब्ल्यू.ए. काढला आणि १९८८ साली 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' आणला. रेडिओवर फारसा वाजला नाही, तरी तुफान खपला. त्यातलं पोलिसांवरचं गाणं इतकं झोंबलं की १९८९ मध्ये एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्रच धाडलं. सरकारी खर्चाने जाहिरात झाली म्हणा ना!

या अल्बमचे बरेच शब्द आइस क्यूबचे होते. ईझी-ई म्हणायचा त्यातलंही बरंच याने लिहिलेलं. पण कंपनी ईझी-ईची, आणि व्यवहार मॅनेजर जेरी हेलरच्या हातात. आपल्या वाट्याला योग्य पैसे येत नाहीत असं क्यूबचं म्हणणं होतं. पुढ्यात आलेल्या करारावर सही न करता १९८९ च्या अखेरीस तो बाहेर पडला. वय वर्षं वीस.

राहिले चौघं: ईझी-ई, डॉ. ड्रे, एमसी रेन, डीजे येला. मे १९९१ मध्ये त्यांचा दुसरा आणि शेवटचा पूर्ण अल्बम आला. कव्हरवर नाव उलट्या अक्षरांत छापलेलं, आरशात धरून वाचावं असं. बिलबोर्डने तेव्हा नुकतंच दुकानांतल्या प्रत्यक्ष विक्रीवर यादी करायला सुरुवात केली होती. अल्बम थेट दुसऱ्या नंबरवर आला आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्या. इंग्लंडात पोलिसांनी अश्लील म्हणून प्रती जप्त केल्या, पण कोर्टात तो आरोप टिकला नाही.

आता माझा मुद्दा. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला बेदम मारलं आणि ते व्हिडिओत सापडलं. हेच तर एन.डब्ल्यू.ए. ओरडून सांगत होतं! पण नेमक्या त्या वर्षीच्या अल्बममध्ये तो राग पातळ झालेला दिसतो. ड्रेचं संगीत आधीपेक्षा सरस, पण शब्दांचा मोठा भाग बायकांना शिव्या आणि निघून गेलेल्या मित्राला टोमणे यातच जातो. हे शब्दांपुरतंही राहिलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत ड्रेने डी बार्न्स या टीव्ही निवेदिकेला मारहाण केली होती.

क्यूबही काही संत नव्हे. त्याच्या १९९१ च्या 'डेथ सर्टिफिकेट'वर कोरियन दुकानदारांविरुद्ध द्वेष पसरवल्याची टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण पोलीस, दवाखाना, तुरुंग यांच्याकडे बोट दाखवणारं लेखन त्याच्याकडेच राहिलं. एप्रिल १९९२ मध्ये किंग प्रकरणातले पोलीस सुटले आणि शहर पेटलं, तेव्हा एन.डब्ल्यू.ए. उरलंच नव्हतं. पैशावरूनच ड्रेही बाहेर पडला होता. मार्च १९९५ मध्ये ईझी-ई एड्सने गेला, अवघ्या तिसाव्या वर्षी.

ग्रुपचा पहिल्या नंबरचा एकमेव अल्बम तोच, आणि लोक आजही आठवतात तो मात्र आधीचा.

तुमच्या ओळखीत कुणी बँड, नाटकाचा ग्रुप किंवा यूट्यूब चॅनेल चालवत असेल तर एवढं सांगा: पहिली कमाई यायच्या आधी कागद करा. कोण लिहितो, कोण वाजवतो, कुणाला किती. मैत्रीत हिशेब कशाला, असं म्हणणाऱ्याच्याच हातात बहुतेक वेळा चेकबुक असतं.